पहिल्या ट्रायथलॉनसाठी सायकल घेताना

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही कामे एका दमात, एकापाठोपाठ करावयाच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे तिची सुरुवात झाली व २००० च्या सिडनी स्पर्धेपासून तिला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली. ऑलिम्पिकच्या मापात दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे असते. नवख्यांसाठी याच्या निम्मे अंतर असलेली ‘स्प्रिंट’ शर्यत असते. आपल्याकडे कोल्हापूर-पुणे भागात हे वेड चांगलेच रुजले आहे. २०१९ मध्ये गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर ९० किलोमीटर सायकलीची ‘आयर्नमॅन ७०.३’ भरली, तेव्हापासून तर आमच्या इचलकरंजीच्या कापडपेठेतील मुलेही पहाटे रस्त्यावर दिसू लागली आहेत. धंदा सांभाळून मुले शरीर कमावतात ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हीच मुले एक दिवस गादीवर येऊन सायकलीसाठी लाख-दीड लाखाची मागणी करतात, तेव्हा घरातील कर्त्या माणसाला या मालाची थोडी तरी माहिती असावी, म्हणून हा लेख.

आम्ही कापडाचे व्यापारी. सायकलीतले जे काही कळले ते नुकसान सोसून कळले. आमच्या पुतण्याने शर्यतीत नाव नोंदविले आणि सायकल घ्यायला आम्हाला सोबत नेले. त्याची उंची साडेपाच फूट. त्याच्या मापाची ५२ नंबरची फ्रेम दुकानात नव्हती. ५६ नंबरची पडून होती व तिच्यावर घसघशीत सूट होती. दुकानदार म्हणाला, सीट खाली केली की झाले. आम्हीही आमच्या धंद्याच्या अकलेने म्हणालो, घे, माप मोठे असलेले बरे. कपडा मोठा आला तर कापून लहान करता येतो, लहान आला तर वाढविता येत नाही. सायकलीचे नेमके उलटे आहे, हे आम्हाला दोन महिन्यांनी समजले. तोवर पोराची मान आखडली होती, बोटांना मुंग्या येत होत्या आणि ४० किलोमीटर चालवून उतरल्यावर धावायला कंबर सरळ होत नव्हती.

फ्रेम किंचित लहान असेल तर सीटचा दांडा वर घेता येतो, हँडल धरणारा ‘स्टेम’ नावाचा तुकडा थोडा लांब बसविता येतो. मोठी फ्रेम मात्र आखूड होत नाही. सीट खाली केली तरी हँडल जेथे आहे तेथेच राहते आणि माणूस त्याच्याकडे ताणला जातो. पुन्हा ५२, ५४, ५६ हे आकडे म्हणजे रेडीमेड शर्टावरचे नंबर. एका कंपनीचा ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४ शी जुळेलच असे नाही. म्हणून कंपनीच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे पाहावेत. पायडलच्या आसापासून फ्रेमचे पुढचे डोके किती उंच आहे तो स्टॅक, व किती पुढे आहे तो रीच. दोन सायकलींची खरी तुलना याच आकड्यांवर होते.

सीटची उंची घरीच काढता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरावा. आलेल्या मापाला ०.८८३ ने गुणावे. माप ८० सेंटिमीटर आले तर पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे साडेसत्तर सेंटिमीटर अंतर हवे. हा अंदाज आहे. पुढे गुडघा सांगेल तसे चार-पाच मिलिमीटर वरखाली करावे.

आता जात कोणती घ्यावी? खास ट्रायथलॉनच्या सायकलीत सीट बरीच पुढे असते व हातांची कोपरे टेकवून वाकता येते, म्हणजे वारा कमी लागतो. वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद वाऱ्याशी झगडण्यात जाते आणि त्या वाऱ्याला अडविणारा मोठा पडदा म्हणजे सायकल नव्हे, स्वाराचे स्वतःचे शरीर. १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशी ट्रायथलॉनवाल्यांचा हा कोपर टेकवायचा दांडा लावला आणि तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली ती शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. परंतु खास सायकल महाग, आणि कोपरांवर वाकले असताना ब्रेक हाताखाली नसतात. आपल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली तर काय करायचे? पहिल्या शर्यतीला साधी रोड सायकल घ्यावी. शर्यतीची चटक लागलीच तर तो दांडा वेगळा विकत घेऊन तिलाच जोडता येतो. मात्र काही शर्यतींत तो चालत नाही. आयोजकांचे नियमपत्रक आधी वाचावे.

पुतण्याने नंतर जुनी ५२ घेतली, ती पारखायला मात्र आम्ही फूटपट्टी घेऊन गेलो. चेनच्या दर दोन खिळ्यांमध्ये अर्धा इंच अंतर असते, म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच जास्त भरले तर चेन तर गेलीच, बहुधा मागची दातेरी चक्रेही गेली. तेवढी रक्कम किमतीतून वळती करून मागावी. अर्धा सूत जास्त असेल तर फक्त चेन बदलावी. कार्बनची फ्रेम जुनी घेण्याचे धाडस आम्ही केले नाही. पडलेल्या कार्बनची चीर रंगाखाली लपून राहते. अॅल्युमिनियम घेतले, त्यातही सांध्यांवर रंग तडकला आहे का ते भिंगातून पाहिले. फ्रेमच्या तळाचा नंबर मूळ बिलाशी ताडून घ्यावा. चोरीचा माल स्वस्तातच मिळतो.

नवी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल व सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. दुकानात जुन्या छापील किमतीचा माल असेल तर बिलावरचा दर पाहावा. बिनव्याजी हप्ता म्हणतात तेथे ‘प्रोसेसिंग’ची रक्कम विचारावी आणि रोखीने घेतल्यास किती सुटेल तेही विचारावे. हप्त्याची गोम तेथेच कळते.

सगळे पैसे सायकलीत घालू नयेत. चांगले हेल्मेट, दोन ट्यूब, हातपंप, टायर काढण्याच्या पट्ट्या यांना पैसे राखावेत. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलीला हात लावता येत नाही, आणि पंक्चर बहुधा स्वतःच काढावे लागते. आमच्या पोराने गोदामात घड्याळ लावून वीस वेळा ट्यूब बदलली. शर्यतीत पंक्चर झाले ते मागच्याच चाकाचे, पण सात मिनिटांत तो पुन्हा रस्त्यावर होता.

ती ५६ नंबरची सायकल अजून आमच्या गोदामात गाठींच्या वर टांगलेली आहे. कोणाचा मुलगा पाच फूट दहा इंचांच्या वर असेल तर त्याने टेप घेऊन यावे. भाव ठरविण्याआधी आम्ही माप घेऊ.