फळं जास्त खाल्ली तर काय होतं?

आहार आणि अफवा : भाग 6

‘फळांतली साखर थेट यकृतात जाते आणि तिथे तिची चरबी होते, म्हणून फळं बेताने खा.’ बाजारात आंबा आला की हा मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. कधी त्याखाली एखाद्या डॉक्टरचं नाव असतं, कधी नुसतंच ‘संशोधनाने सिद्ध’. परिणाम मात्र घराघरांत दिसतो. मधुमेह असलेले आजोबा आंब्याच्या फोडीला हात लावत नाहीत आणि संध्याकाळी चहाबरोबर चार-पाच बिस्किटं खातात. बिस्किटातल्या मैद्याचा आणि साखरेचा विचार त्यांच्या मनात येत नाही, कारण सगळी भीती फळाभोवती गोळा झालेली असते.

या अफवेला खऱ्याचा एक धागा आहे, म्हणून ती टिकते. फळांत फ्रुक्टोज असतं आणि त्यावरची बरीचशी प्रक्रिया यकृतातच होते. शीतपेयांतून ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृतात चरबी साठते, रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात. पण 300 मिली कोलात 30 ग्रॅमहून जास्त साखर असते आणि ती पाच मिनिटांत पोटात जाते. 100 ग्रॅम सफरचंदात साधारण 10 ग्रॅम साखर, त्यातलं फ्रुक्टोज सहा ग्रॅमच्या आसपास, शिवाय दोन ग्रॅमहून अधिक तंतू आणि बाकी बहुतेक पाणी. ते चावून खावं लागतं, त्याने पोट भरतं आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेवर मर्यादा घातली ती वरून घातलेल्या साखरेवर, मधावर आणि फळांच्या रसावर. अख्खं फळ त्या मर्यादेत धरलेलंच नाही.

अभ्यासही हेच सांगतात. अमेरिकेतल्या सुमारे 1 लाख 87 हजार आरोग्यसेवकांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांना टाइप 2 मधुमेह कमी झाला होता. रस पिणाऱ्यांमध्ये धोका उलट वाढलेला दिसला. चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. तिथे मधुमेह आधीच जडलेल्यांतही आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस ताजी फळं खाणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण कमी होतं. फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही जपून राहत असतील, ही शंका अशा पाहणीवर घेता येते आणि ती रास्त आहे. म्हणून डेन्मार्कमधला छोटा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. नुकताच मधुमेह निदान झालेल्या 63 जणांचे दोन गट केले. एकाला रोज किमान दोन फळं खायला सांगितली, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या एचबीएवनसीत, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, लक्षणीय फरक पडला नाही.

रस आणि फळ यांत एवढं अंतर का, ते कुठल्याही ज्यूस सेंटरवर दिसतं. एका ग्लाससाठी तीन-चार मोसंब्या जातात. चोथा गाळणीत राहतो, त्यावर अनेकदा चमचाभर साखर पडते आणि ग्लास उभ्याउभ्या दोन मिनिटांत रिकामा होतो. त्याच मोसंब्या सोलून खायला बसा. दुसरीनंतर बहुतेकांचा हात थांबेल. आमरसाचंही तेच. पाच-सहा तळलेल्या पुऱ्या, वर वाटीवाटीने साखर घातलेला रस, आणि दोष मात्र आंब्याला. मधुमेहींनी आंबा जेवणावर वाढीव म्हणून न खाता एखाद्या पोळीऐवजी खाल्ला, कापून खाल्ला, तर हिशेब पुष्कळ सुधारतो.

दुसरा लाडका नियम म्हणजे फळ रिकाम्या पोटीच खावं, जेवणानंतर खाल्लं तर ते पोटात सडतं. जुनं ज्ञान म्हणून फिरणाऱ्या या नियमाला जगभर पोचवलं ते ‘फिट फॉर लाइफ’ या 1985 सालच्या अमेरिकी पुस्तकाने. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे अन्न सडायला लागणाऱ्या जंतूंचा निभाव लागत नाही, आणि मिश्र अन्न पचवणं हे आतड्याचं रोजचंच काम आहे.

रिकाम्या पोटी फळ खरोखर जिवावर बेतलं ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरला. लिचीच्या बागांचा हा जिल्हा. 1995 पासून तिथे मे-जूनमध्ये लहान मुलं पहाटे अचानक झटके येऊन बेशुद्ध पडत आणि दगावत. 2014 च्या हंगामात दोन रुग्णालयांत 390 मुलं दाखल झाली, 122 गेली. भारतीय आणि अमेरिकी रोगनियंत्रण संस्थांनी केलेला तपास 2017 साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. लिचीत हायपोग्लायसिन ए आणि त्याच्या जवळचं आणखी एक द्रव्य असतं. रात्री पोट रिकामं असलं की यकृतातला साखरेचा साठा संपतो आणि शरीर चरबी जाळून, त्या जोरावर नवी साखर तयार करतं. ही द्रव्यं तोच मार्ग अडवतात. धडधाकट, जेवून झोपलेल्या मुलाकडे साठा पुरेसा असतो. दिवसभर बागेत पडलेली लिची खाऊन संध्याकाळी न जेवता झोपी गेलेल्या अशक्त मुलाकडे तो नसतो. पहाटेपर्यंत त्याच्या रक्तातली साखर इतकी उतरते की मेंदूच बंद पडू लागतो. तपासणाऱ्यांनी सांगितलेले उपाय साधे होते: मुलांना लिची कमीत कमी द्या, रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका, आणि झटका आला तर तातडीने ग्लुकोज द्या. 2019 साली तिथे पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली, तेव्हा देशभर चर्चा झाली ती लिची खावी की नाही याची. मुंबईत जेवूनखाऊन असलेली मुलं लिची खाऊन ठणठणीत राहतात. मुझफ्फरपूरच्या मुलांच्या उपासमारीबद्दल मात्र फारच कमी बोललं गेलं, आणि याचा मला राग येतो.

फळांपासून जपायला हवं अशी माणसं आहेतच. किडनी निकामी होत आलेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साचतं. केळं, शहाळं, मोसंबी यांचं प्रमाण त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. करंबळ, म्हणजे कमरख, तर त्यांनी अजिबात खाऊ नये. त्यातलं कॅराम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं विष ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली ओळखलं. डायलिसिसवरच्या माणसाला ते खाल्ल्यावर न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, झटके, कधी मृत्यूही. आठवडेच्या आठवडे नुसत्या फळांवर राहण्याचे प्रयोगही करू नयेत; त्यात प्रथिनं फार थोडी मिळतात आणि बी12 मिळतच नाही. बाकीच्यांना फळं जास्त झाली तर पोट फुगेल, एखाद्या वेळी जुलाब होतील, एवढंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. 100 ग्रॅम म्हणजे एक पेरू किंवा एक केळं. एवढंही आपल्या कितीतरी ताटांत पडत नाही. तेव्हा तो मजकूर पुन्हा आला तर पुढे पाठवू नका, आणि घरातल्या मधुमेही माणसाच्या हातातलं फळ परस्पर काढून घेऊ नका. त्यांची साखर मोजा आणि किती फळ खायचं ते त्यांच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.