मरू दे की त्याला!

'झपाटलेला' आठवा. महेश कोठारे यांचा 1993 सालचा सिनेमा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि त्या तात्या विंचूच्या तावडीत सापडलेला भोळाभाबडा लक्ष्या. कोणाच्या बाजूने बसायचं, हा प्रश्नच पडत नाही. लक्ष्याचं काही वाईट होऊ नये म्हणून सगळं थिएटर श्वास रोखतं आणि पुढच्याच क्षणी लक्ष्मीकांत बेर्डेंचा चेहरा बघून हसत सुटतं.

वीस वर्षांनी, 10 मे 2013ला, राज आणि डीके या दिग्दर्शकांचा 'गो गोवा गॉन' आला आणि हा हिशेब बिघडला. हार्दिक आणि लव हे यातले नायक. गांजा ओढतात, पोरींच्या मागे लागतात, थापा मारतात, कामाच्या नावाने सगळा आनंद. बनी नावाचा त्यांचा कामसू मित्र कंपनीच्या कामासाठी गोव्याला निघतो, तर हे त्याच्या गळ्यात पडतात. मग बेटावरची पार्टी, बाजारात नव्यानेच आलेला अमली पदार्थ, आणि सकाळी बघावं तर पार्टीतली माणसं झाँबी झालेली. मदतीला येतो तो बोरिस, रशियन म्हणून मिरवणारा अस्सल दिल्लीकर. आणि कहर म्हणजे झाँबींना लुळं पाडतं ते कोकेन! ज्या नादाने घात केला, तोच नाद जीव वाचवतो. यावर एक प्रेक्षक पोट धरून हसतो. शेजारचा वैतागतो: या टोळक्यात जिवाची काळजी करावी असं आहे कोण? मरू दे की त्याला!

नवल असं की दोघांच्या अंगात सुरुवातीला एकच गोष्ट घडलेली असते. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात पापणी मिटते, मान आखडते, मागोमाग छाती धडधडू लागते. पडद्यावर कोण आहे, चांगला की वाईट, याची चौकशी मेंदू नंतर करतो. आणि एकदा उठलेली धडधड प्रसंग संपला म्हणून लगेच बसत नाही. डॉल्फ झिलमन या संशोधकाने 1971 साली मांडलं, की ही उरलेली धडधड पुढच्या भावनेच्या खात्यात जमा होते. भीतीनंतर लगेच विनोद आला तर तो दुप्पट हसवतो, चीड आली तर तीही दुप्पट. भयविनोदी सिनेमा चालतो तो या उसनवारीवर.

आपल्या साहित्यशास्त्राला हे जमणारं वाटलं नव्हतं. चौदाव्या शतकातल्या 'साहित्यदर्पणा'त विश्वनाथाने हास्य आणि भयानक यांना चक्क एकमेकांचे विरोधी रस ठरवलंय. एक आला की दुसरा मावळतो, असा हिशेब. विश्वनाथाने तात्या विंचू पाहिला नव्हता, एवढंच म्हणू.

मग धडधड कुठल्या खात्यात जाणार, हे ठरवतं कोण? मला वाटतं, सगळा खेळ इथे आहे. याच झिलमनने जोआन कँटरबरोबर 1972 साली एक साधा प्रयोग केला. विनोद असे निवडले की काहींत साहेबाची किंवा बापाची फजिती, काहींत हाताखालच्याची किंवा पोराची. कॉलेजच्या पोरांना वरच्याची जिरलेली जास्त मजेची वाटली, नोकरीपेशातल्या मोठ्या माणसांना खालच्याची. विनोदाची जात तीच, फरक हसणाऱ्याच्या जागेचा. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याची फजिती गोड लागते. पण जीव नसेल तर भीतीही वाटेनाशी होते, ही त्यातली मेख. नालायक नायक दाखवणारा दिग्दर्शक हसू वाढवतो आणि त्याची किंमत भीतीत मोजतो. भीतीसाठी आलेल्याला ती फसवणूक वाटणारच.

आता हाच सिनेमा जतला, यल्लम्मादेवीच्या यात्रेत, जनावरांच्या बाजाराशेजारी तंबूत लावला असं धरू. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या कित्येक गावांत घरची बोली कन्नड, तालुक्याच्या ठिकाणी मराठी. हार्दिक-लवची मुंबईच्या ऑफिसातली हिंदी-इंग्रजी टपोरीगिरी निम्म्यांच्या डोक्यावरून जाणार. दचकायला मात्र भाषा लागत नाही, त्यामुळे झाँबी अंगावर आला की सगळे एकदम किंचाळणार. पाठोपाठ हसणारही. माणूस एकट्याने हसण्यापेक्षा चारचौघांत तीसेक पटींनी जास्त हसतो, असं रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं. अन् दुष्काळी तालुका. इथली माणसं ऊसतोडीला बाहेर जातात. धडधाकट नोकरी हातची घालवणाऱ्या पोरांचा त्यांना राग येईल हे खरं. पण झिलमनचं मानायचं तर त्याच रागामुळे ती पोरं बेटावर सैरावैरा पळताना हसू जास्त येईल. 'जिरली का आता!' ही आरोळी तंबूतून आधी येईल, पुण्याच्या मल्टिप्लेक्समधून नंतर.

हा सिनेमा 2013 साली विशीत पाहिलेल्यांनी आता तिशी ओलांडलीय. अनेकांच्या हाताखाली कोणी ना कोणी आहे. त्यांनी तो पुन्हा लावावा आणि बघावं, या खेपेला हार्दिकच्या उडाणटप्पूपणावर हसू येतं, की हार्दिक-लवमुळे कंपनीच्या कामाचा विचका झालेल्या बनीची कीव येते.