पॉवर बीआयमधील पायथॉन स्क्रिप्ट आणि माहिती अद्ययावत होण्यातील विलंब

प्रवेश, उपस्थिती व निकाल यांचे महाविद्यालयीन अहवाल पॉवर बीआयसारख्या प्रणालीतून तयार करता येतात. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली २०१५ मध्ये खुली केली आणि २०१८ पासून तीत पायथॉन भाषेतील स्क्रिप्ट वापरण्याची सोय दिली. मात्र स्क्रिप्ट जोडताच 'रिफ्रेश' रेंगाळतो, असा अनुभव येतो. त्याचे खापर पायथॉनवर फोडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते विलंबाचे मूळ बहुधा अन्यत्र असते.

गोव्याहून येणारे वाहन इन्सुलीच्या उत्पादन शुल्क तपासणी नाक्यावर अडते, तेव्हा वेळ इंजिनापायी जात नाही. तो थांबण्यात व माल तपासून घेण्यात जातो. येथेही तसेच घडते. स्क्रिप्ट पॉवर बीआयच्या आत चालतच नाही. पॉवर क्वेरी आपला तक्ता तात्पुरत्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहिते, पायथॉनची स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते, पांडाज ही फाइल वाचते आणि तयार झालेला तक्ता पुन्हा परत आणला जातो. ओळी दहा असल्या तरी प्रक्रिया सुरू होण्याचा वेळ टळत नाही. ओळी लाखांत गेल्या की लिहिण्या-वाचण्याचा भार वाढतो. या ये-जा करण्यात तारखांचे स्वरूपही बिघडते. म्हणून तारखांचे रकाने आधीच मजकुरात रूपांतरित करणे इष्ट.

याहून मोठी हानी 'क्वेरी फोल्डिंग' खंडित झाल्याने होते. माहिती एसक्यूएल सर्व्हरसारख्या साठ्यात असेल, तर 'फक्त चालू सत्र' ही अट तेथेच लागू होऊन मोजक्याच ओळी येतात. स्क्रिप्टनंतरच्या पायऱ्या मात्र साठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. अट स्क्रिप्टनंतर घातली, तर सर्व वर्षांची उपस्थिती ओढून आणावी लागते. एक्सेल फाइलींना फोल्डिंग नसतेच. तरीही स्क्रिप्टपूर्वी गाळणी लावल्यास बाहेर जाणाऱ्या ओळी कमी होतात. शिवाय एकाच क्वेरीवर तीन तक्ते अवलंबून असतील, तर तीच स्क्रिप्ट तीनदा चालू शकते.

ऑनलाइन सेवेतील नियोजित रिफ्रेशसाठी अशा अहवालांना वैयक्तिक गेटवे लागतो, म्हणजे ज्या संगणकावर पायथॉन आहे तो त्या वेळी चालू असला पाहिजे. पावसाळ्यात वीज गेली किंवा संबंधित प्राध्यापक रजेवर गेले, की अहवाल जुन्याच आकड्यांवर थांबतो. (संस्थेचा अहवाल एका व्यक्तीच्या यंत्रावर विसंबणे हे तांत्रिक नव्हे, प्रशासकीय वैगुण्य होय.) ७५ टक्के उपस्थितीची अट असलेल्या विद्यार्थ्याला आपली तूट वेळेत कळणे यावरच अवलंबून असते.

नावांतील मोकळ्या जागा काढणे, रकाने विभागणे यांसारखी कामे पॉवर क्वेरीतच होतात. त्यांसाठी पायथॉन वापरणे ही निव्वळ सवय होय. खरोखर आवश्यक असलेली स्क्रिप्ट रात्री टास्क शेड्युलरद्वारे स्वतंत्रपणे चालवून तिचे फलित डेटाबेसमध्ये ठेवावे व पॉवर बीआयने ते तयार स्वरूपात वाचावे. तत्पूर्वी स्क्रिप्टच्या आरंभीची व अखेरीची वेळ नोंदवून पाहावी. रिफ्रेशला दहा मिनिटे आणि स्क्रिप्टला चारच सेकंद लागत असतील, तर पायथॉनची आज्ञावली सुधारत बसण्यात अर्थ नाही.