हब निघता निघत नाही

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या एका चौकाला लोक मायको सर्कल म्हणतात. डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं नाव चौकाला चिकटावं, असं हे शहर. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. स्कॉर्पिओ तिथूनच रस्त्यावर आली. अशा ठिकाणी जुनी जीप हौसेनं सांभाळणाऱ्याला लेथवाला किंवा प्रेसवाला शोधत वणवण करावी लागत नाही. तरीही एका कामाला अनुभवी मेकॅनिकसुद्धा कपाळाला आठ्या घालतो. ते म्हणजे मागच्या चाकाचं हब काढून बेरिंग बदलणं.

दुखणं कानाला आधी कळतं. मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. चाक उचलून वर-खाली हलवलं की खडखड लागते. पुढच्या चाकाचं बेरिंग थोड्या वेळात हातात येतं, मागचं मात्र येत नाही. त्याचं कारण थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत जातं.

लष्करी विलिस जीपचा मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता. गाडीचा भार बाहेरची नळी, म्हणजे हाऊसिंग, पेलायचं आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवायचा. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहायचं. युद्धानंतर विलिसनं नागरी जीप काढली आणि लवकरच तिला ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सल बसवला. यात शाफ्ट चाकही फिरवतो आणि भारही सोसतो. मुंबईच्या माझगावात जीपची जुळणी सुरू झाली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. १९४८पर्यंत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असलेली कंपनी तोवर ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली होती. पुढे आली उंच बॉनेटची सीजे-३बी. नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून ते उंच झालं. अमेरिकेत ही गाडी १९६८मध्ये बंद पडली, आपल्याकडे मात्र ती पुढेही बरीच वर्षं बनत राहिली.

तिच्या मागच्या शाफ्टचं टोक निमुळतं, टेपर असतं आणि हबचं भोकही तसंच. मध्ये एक चौकोनी चावी, बाहेरून कॅसल नट आणि तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन. नट आवळला की हब टेपरवर घट्ट रुततं. ते तसं रुतावं हीच तर त्या रचनेची गंमत! वर तीसेक पावसाळ्यांचा गंज चढला की हब आणि शाफ्ट जणू एकाच ओतीव लोखंडाचे होतात.

काम सुरू करताना मधला नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, कारण चाक अधांतरी असलं की ते नटाबरोबर फिरतं. इथे आणखी एक खोडी आहे. विलिसच्या पद्धतीच्या जुन्या जिपांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला गडी जितका जोर लावतो तितका नट आणखी आवळला जातो, आणि शेवटी स्टड तुटतो.

गाडी घोडीवर घेतल्यावर पुलर लागतो, आणि तोही साधा तीन नख्यांचा नव्हे. नख्या ड्रमच्या कडेला धरून ओढतात, त्यानं ड्रम वाकडा होऊ शकतो. चाकाच्या स्टडवरच बसणारा जाड प्लेटचा पुलर हवा. एक्सलचा नट दोन-चार आटे तसाच ठेवायचा. टेपर सुटतो तेव्हा हब तोफेसारखं उडतं. स्क्रू आवळायचा, गंज सोडवणारं तेल मारायचं, थांबायचं, पुन्हा आवळायचा. प्रसंगी रात्रभर ताण देऊन ठेवायचा. शाफ्टच्या तोंडावर घण घालण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. आटे चेपतातच, शिवाय दोन्ही शाफ्ट मध्यभागी एका ठोकळ्याला टेकलेले असल्यामुळे डावीकडच्या घावाची शिक्षा उजवीकडच्या निर्दोष बेरिंगलाही होते.

हब निघालं की ब्रेकचा पाइप सोडून बॅकिंग प्लेट काढायची. तिच्यामागे पातळ पत्र्याच्या शिम असतात. कोणती शिम कोणत्या बाजूची, हे लिहून ठेवावं. हेन्री टिमकेननं १८९८मध्ये पेटंट घेतलेल्या जातीचं, निमुळत्या रोलरचं हे बेरिंग आहे. शाफ्टला आत-बाहेर किती खेळ मिळणार हे शिमवर ठरतं आणि तो इंचाच्या काही हजारांश भागांइतकाच असावा लागतो. खेळ कमी पडला तर बेरिंग जळतं.

बेरिंगचा आतला भाग शाफ्टवर प्रेसनं बसवलेला असतो, म्हणून तो प्रेसवरच काढावा. नवं बसवताना सारा जोर आतल्या रिंगवरच द्यायचा. बाहेरून ठोकलं तर रोलरवर खुणा पडतात आणि पहिल्याच दिवसापासून आवाज सुरू होतो. तेलात साधारण ११० अंशांपर्यंत तापवलं तर ते अलगद सरकतं. गॅसची ज्योत मात्र नको.

ऑइल सील नवीच घालावी आणि हाऊसिंगवरचा ब्रीदर उघडा आहे ना, ते पाहावं. कसारा घाट चढताना आतलं तेल तापतं, हवा फुगते. चिखलानं ब्रीदर बुजलेला असेल तर तीच हवा तेलाला सीलमधून थेट ब्रेकच्या लायनिंगवर ढकलते. मग घाट उतरताना पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

टेपर पुसून कोरडा ठेवायचा, त्याला ग्रीस लावायचं नाही. पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. थोडी गाडी चालवून आल्यावर पिन काढून नट पुन्हा एकदा तपासावा. नवं बसवलेलं हब टेपरवर अजून जरासं आत सरकलेलं असतं.