ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी आपल्या घराचा किंवा शेताचा सातबारा स्वतः हातात घेऊन वाचला आहे? हसू नका. धंद्यासाठी वेबसाइट करून घ्यायची तर कंपनी कशी निवडावी, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. त्याचा नि सातबाऱ्याचा फार जवळचा संबंध आहे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

आमच्या वन्संचं घर जुन्नरहून लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, आणि वन्संनी मागच्या दोन खोल्या साफसूफ करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांतली दोन ठिकाणं हाकेच्या अंतरावर, डोक्यावर शिवनेरी, पावसाळ्यात नाणेघाट नि माळशेजची गर्दी. शिवाय वन्संच्या हातची मासवडी! ओल्या फडक्यावर घेरलेलं पीठ थापून, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून त्या वळकटी अशी अलगद वळतात, की पुण्याच्या पाहुण्या बायका मोबाइल काढून फोटोच घेत राहतात.

तर अशा चालत्या धंद्याला वेबसाइट हवी असं ठरलं. शहरातल्या एका कंपनीचा मुलगा घरी आला. बोलायला गोड. बचत गटाचं कर्ज काढून वन्संनी १८ हजार रुपये एकरकमी दिले. कागद नाही, पावती नाही, सगळं फोनवर. साइट झाली. त्यात मासवडीच्या जागी कसल्याशा गुजराती ढोकळ्याचा फोटो होता आणि ‘लेण्याद्री’चं ‘लेन्याद्रि’ झालं होतं. (मी मराठी शिकवते, त्यामुळे आधी तेच डोळ्यांत खुपलं.) तरी पाहुणे येऊ लागले. वन्संनी रस्त्यावरच्या पाटीवर तो पत्ता रंगवला, ५०० कार्डं छापली.

दुसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या सुट्टीत तो पत्ता उघडेना. कंपनीचा फोन बंद. शोधता शोधता कळलं ते असं, की साइटचं नाव त्या मुलाने स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं, त्याची वर्षाची मुदत संपली होती नि कुणी पैसे भरले नव्हते. पुढे तर त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी दिसू लागलं. पाटी आमच्या दारात, पण नाव परक्याच्या मालकीचं!

आता ही भानगड नीट समजून घ्या, म्हणजे कुणी तुम्हाला शब्दांत गुंडाळणार नाही. वेबसाइट म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक नाव, त्याला डोमेन म्हणतात. हा तुमचा सातबारा. दुसरी जागा, जिथे तुमची पानं ठेवलेली असतात. तिला होस्टिंग म्हणतात, आणि ती भाड्याची खोली समजा. तिसरी सजावट, म्हणजे रंग, फोटो, मजकूर. कंपन्या दाखवतात ती सजावट, आणि आपण भुलतो तीही सजावटीलाच. भाड्याची खोली बदलता येते, पडदे बदलता येतात, पण नाव गेलं की पाटी, कार्डं, लोकांच्या तोंडी बसलेला पत्ता, सगळंच गेलं.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. विचारा, “डोमेन कुणाच्या नावावर घेणार?” नोंदणीला ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, नाव तुमचं. आणि खात्यात शिरताना ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते तिथल्या तिथे करून पाहा. तुमच्या फोनवर आला तर ठीक. “ताई, ते आम्ही बघतो, तुम्हाला कशाला डोकेदुखी?” असं उत्तर आलं, तर चहा पाजून वाटेला लावा. नाव आपल्या हातात असलं की उद्या त्या कंपनीशी नाही पटलं तरी ते दुसरीकडे हलवता येतं. हलवायला एक संकेत लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. तो देणार का, हेही आधीच विचारून ठेवा.

नूतनीकरण विसरलं तर लगेच सगळं बुडतं असं नाही. शेवटी डॉटकॉम असेल तर बहुधा काही दिवस नेहमीच्याच दरात पैसे भरता येतात, त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून नाव परत मिळतं, आणि मग ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. पण या सूचना जातात त्या नोंदलेल्या ईमेलवर. आमच्या बाबतीत त्या त्या मुलाकडे जात राहिल्या.

आता कंपनी चांगली की वाईट हे ओळखायचं कसं? आपण ब्लाउज शिवायला टाकताना काय करतो? शेजारणीच्या अंगावरचा बघतो, मग शिंप्याचं नाव विचारतो. इथेही तेच. त्यांनी केलेल्या चार साइट आपल्या साध्या मोबाइलवर उघडा, त्यांच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर नव्हे. जमलं तर भीमाशंकरच्या बाजूला किंवा नाणेघाटाकडे, जिथे रेंज एक कांडी येते तिथे उघडा. पाहुणा आपल्याला शोधतो तो बऱ्याचदा तिथूनच. फोटोच फोटो असलेली देखणी साइट अशा जागी नुसती गोल गोल फिरत बसते. मग त्या चार साइटच्या मालकांना फोन लावा. काम कसं झालं यापेक्षा, काम झाल्यावर वर्षभराने यांनी फोन उचलला का, हे विचारा.

मराठी मजकुराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मराठी अक्षरं युनिकोडमध्ये हवीत. काही जण मराठी मजकुराचं चित्र करून चिकटवतात किंवा जुन्या फॉण्टमध्ये टाकतात. दिसायला ते ठीक दिसतं, पण ‘लेण्याद्री मुक्काम’ असं कुणी शोधलं तर तुमची साइट सापडत नाही. तपासायची युक्ती सोपी. साइटवरचा एखादा मराठी शब्द बोटाने दाबून कॉपी करा नि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. जसाच्या तसा उमटला तर युनिकोड आहे. २०१४ पासून ‘.भारत’ असं शेवट असलेलं देवनागरी नावही घेता येतं. मला ते फार आवडतं, पण पाहुणे सवयीने इंग्रजीच टंकतात, तेव्हा तेवढ्याच एकावर विसंबू नका.

“गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो” म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं.

पैशांचं म्हणाल तर एकरकमी कधीच देऊ नका. थोडे सुरुवातीला, थोडे नमुना पाहिल्यावर आणि उरलेले सगळे संकेतशब्द हातात आल्यावर. पानं किती, दुरुस्त्या किती वेळा फुकट, फोटो कुणी काढायचे, दर वर्षी काय भरावं लागेल, खोलीचे दर बदलायचे तर ते तुम्हाला स्वतःला जमेल का, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. नोंदणी असलेली कंपनी १८ टक्के जीएसटी लावते. तो ठरलेल्या रकमेत धरला आहे की वर, हेही विचारा. आपण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि इथे मात्र संकोचतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि हो, वेबसाइट मुळात हवीच का? मंचरला घरगुती मसाले नि लोणची करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी नको म्हटलं. तिची गिऱ्हाइकं दोन गल्ल्यांतली. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, व्हॉट्सॲपवर मालाची यादी लावता येते. तिला तेवढं पुरतं. ज्यांना परगावची, अनोळखी माणसं बोलवायची आहेत, त्यांनीच या खर्चात पडावं.

जुन्नरच्या लेण्यांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, काशाची भांडी घडवणाऱ्यांची संघटना, अशी. वन्सं परवा म्हणाल्या, “त्यांचं बरं होतं बाई, एकदा कोरलं की दर वर्षी पैसे भरायला नकोत!”

वन्संनी आता नवं नाव घेतलं आहे, स्वतःच्या आधारवरच्या मोबाइल नंबरावर. पाटी पुन्हा रंगवली, उरलेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहितात. आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, गॅस नोंदवायच्या तारखेशेजारी, लाल शाईने गोल करून लिहिलंय: ‘डोमेन भरणे.’