ओकाडा–ओमेगा लढती

जपानचा काझुचिका ओकाडा आणि कॅनडाचा केनी ओमेगा या दोन व्यावसायिक मल्लांमध्ये ४ जानेवारी २०१७ ते ९ जून २०१८ या काळात चार एकेरी लढती झाल्या. ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ या संस्थेने त्या जपानमध्ये आयोजित केल्या होत्या. चारही लढतींचा एकत्रित कालावधी ३ तास १६ मिनिटे १५ सेकंद इतका भरतो. एकविसाव्या शतकातील व्यावसायिक कुस्तीतल्या पाहण्याजोग्या लढतींची चर्चा निघाली की या चौघींचा उल्लेख हमखास होतो. प्रत्येक लढत स्वतंत्रपणे पाहता येते. मात्र आधीच्या लढतीत जे अपुरे राहिले ते पुढच्या लढतीत पुरे होत जाते. त्यामुळे त्या क्रमाने पाहिल्यास त्यांचा खरा अर्थ उलगडतो.

स्वरूप

व्यावसायिक कुस्ती ही ऑलिंपिकमधील किंवा महाराष्ट्रातील तालमींमधील कुस्तीपेक्षा वेगळी आहे. तिचा निकाल आधी ठरलेला असतो आणि दोन्ही मल्ल परस्परांच्या सहकार्याने लढत रंगवतात. मराठीत संगनमताने खेळलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. परंतु हा शब्द येथे नेमका लागू पडत नाही. नुरा कुस्तीत लढत खरी आहे असे भासवून प्रेक्षकाला फसवले जाते. व्यावसायिक कुस्तीचा आजचा प्रेक्षक हे सारे जाणून आलेला असतो. नाटकातील मृत्यू खरा नाही हे ठाऊक असूनही प्रेक्षक हळहळतो, तसेच येथे घडते.

नाटकाशी असलेले हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. निकाल ठरलेला असला, तरी सहा फूट उंचीचा मल्ल दोरांवरून खाली पडतो तेव्हा त्याचे पडणे खरे असते. आघात कमी कसा करावा, मान कशी वाचवावी आणि प्रतिस्पर्ध्याला सुरक्षितपणे कसे खाली आणावे, हे मल्लांना वर्षानुवर्षे शिकावे लागते.

जपानमध्ये या प्रकाराला ‘पुरोरेसु’ म्हणतात. न्यू जपान प्रो-रेसलिंगची स्थापना अंतोनिओ इनोकी यांनी १९७२ मध्ये केली. जोरकस प्रहार आणि खऱ्या झुंजीचा भास हे या संस्थेच्या शैलीचे वैशिष्ट्य मानले जाते.

नियम

या लढती समजण्यासाठी मोजकेच नियम ठाऊक असणे पुरेसे आहे. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून पंचाने तीन मोजेपर्यंत धरून ठेवले की विजय मिळतो. तीन मोजण्याआधी खांदा उचलता आला, तर लढत पुढे सुरू राहते. खाली दाबलेल्या मल्लाचा पाय किंवा हात रिंगणाच्या दोराला लागला, तर पकड सोडावी लागते. या लढतींच्या काळात न्यू जपानमध्ये विजेतेपदाच्या लढतीला साधारणपणे ६० मिनिटांची, तर ‘जी१ क्लायमॅक्स’ या वार्षिक स्पर्धेतील गटसाखळीच्या लढतीला ३० मिनिटांची मर्यादा होती. मुदत संपली की लढत बरोबरीत सुटते आणि विजेतेपद पूर्वीच्या मानकऱ्याकडेच राहते.

मल्ल

काझुचिका ओकाडा याचा जन्म १९८७ मध्ये आयची प्रांतातील आंजो येथे झाला. त्याचे सुरुवातीचे शिक्षण मेक्सिकोत झाले आणि २००७ मध्ये तो न्यू जपानमध्ये दाखल झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हिरोशी तानाहाशीला हरवून त्याने संस्थेचे सर्वोच्च असे ‘आयडब्ल्यूजीपी हेवीवेट’ विजेतेपद प्रथमच मिळवले. ‘रेनमेकर’ हे त्याचे टोपणनाव आणि त्याच्या अखेरच्या डावाचेही नाव. या डावात तो पाठीमागून प्रतिस्पर्ध्याचे मनगट पकडतो, त्याला गर्रकन फिरवून स्वतःकडे खेचतो आणि दुसऱ्या हाताचा जबर तडाखा छातीवर व गळ्याजवळ देतो. १९ जून २०१६ रोजी तेत्सुया नाइतोला हरवून त्याने विजेतेपद परत मिळवले. येथे वर्णिलेल्या चार लढतींपैकी तीन याच विजेतेपदासाठी झाल्या.

केनी ओमेगा याचे मूळ नाव टायसन स्मिथ. त्याचा जन्म १९८३ मध्ये कॅनडातील विनिपेग शहरात झाला. २००८ पासून तो जपानमध्ये ‘डीडीटी’ या संस्थेत खेळू लागला. तेथेच तो जपानी भाषा शिकला आणि कोता इबुशीबरोबर त्याची जोडी जमली. न्यू जपानमध्ये आल्यावर आधी कमी वजनाच्या गटात आणि मग हेवीवेट गटात त्याने नाव मिळवले. २०१६ मध्ये जी१ क्लायमॅक्स स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगरजपानी मल्ल ठरला. त्याच्या अखेरच्या डावाचे नाव ‘वन-विंग्ड एंजल’. तो प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर बसवतो आणि तेथून त्याला मान व डोके खाली येईल अशा रीतीने पाडतो. हा डाव बसला की लढत संपली, असा प्रेक्षकांचा समज लढतीमागून लढत पद्धतशीरपणे घडवण्यात आला होता. ओकाडाबरोबरच्या चारही लढतींचे सूत्र या समजावरच उभे आहे.

चार लढती

पहिली लढत (४ जानेवारी २०१७). टोकियो डोममध्ये दरवर्षी ४ जानेवारीला ‘रेसल किंग्डम’ हा संस्थेचा सर्वांत मोठा कार्यक्रम होतो. त्याच्या अकराव्या पर्वातील ही मुख्य लढत ४६ मिनिटे ४५ सेकंद चालली. सुरुवातीचा बराच वेळ दोघेही सावधपणे एकमेकांना अजमावतात. पुढे जोखीम वाढत जाते. ओकाडाने ओमेगाला सर्वांत वरच्या दोरावरून रिंगणाबाहेरच्या मेजावर उलटे फेकले. ओमेगाने कोपऱ्यातील खांबाच्या टोकावरून ‘ड्रॅगन सुप्लेक्स’ टाकला, म्हणजे मागून दोन्ही हात जखडून ओकाडाला पाठीमागे उलटवले. शेवटी वारंवार बसलेल्या रेनमेकरपुढे ओमेगा हरला. महत्त्वाची बाब अशी की, संपूर्ण लढतीत त्याला वन-विंग्ड एंजल एकदाही टाकता आला नाही. ‘तो डाव बसला असता तर?’ हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात राहिला.

दुसरी लढत (११ जून २०१७). ओसाका-जो हॉलमधील ‘डोमिनियन’ या कार्यक्रमात झालेली ही लढत पूर्ण ६० मिनिटे चालून बरोबरीत सुटली. ओमेगा खचत चालला असताना त्याच्याच गटातील कोडी हा मल्ल रिंगणाजवळ आला आणि त्याने टॉवेल टाकून हार मान्य करण्याची तयारी केली. गटातील ‘यंग बक्स’ या बंधूंनी त्याला अडवले. या लढतीत ओमेगाचा वन-विंग्ड एंजल अखेर बसला. ओकाडा तीन मोजेपर्यंत उठला नाही. पण त्याचा पाय दोराला लागला आणि तो वाचला. डाव अभेद्यच राहिला, ओकाडाचे विजेतेपदही राहिले आणि पहिल्या लढतीतील प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुढे ढकलले गेले.

तिसरी लढत (१२ ऑगस्ट २०१७). टोकियोतील र्‍योगोकू कोकुगिकान येथे जी१ क्लायमॅक्स स्पर्धेच्या ‘ब’ गटातील ही अखेरची लढत होती. ओकाडाचे १३ आणि ओमेगाचे १२ गुण होते. त्यामुळे अंतिम फेरीसाठी ओकाडाला बरोबरी पुरेशी होती, तर ओमेगाला जिंकणे भाग होते. आधीच्या लढतींत घड्याळ ओमेगाच्या विरुद्ध गेले होते. येथे मर्यादा ३० मिनिटांचीच असल्याने तो पहिल्यापासून वेगाने चाल करतो. ओकाडाच्या मानेवर पट्ट्या बांधलेल्या असून ओमेगाचे हल्ले तिच्यावरच केंद्रित झालेले दिसतात. २४ मिनिटे ४० सेकंदांनी वन-विंग्ड एंजलने ओमेगाने ओकाडाला प्रथमच हरवले. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत मात्र तो नाइतोकडून पराभूत झाला. चौघींपैकी ही सर्वांत लहान लढत असल्याने नवख्या प्रेक्षकांना ती सोपी वाटते.

चौथी लढत (९ जून २०१८). पुन्हा ओसाका-जो हॉल आणि पुन्हा डोमिनियन. ओकाडाने त्यापूर्वी महिनाभर आधी तानाहाशीला हरवून विजेतेपद लागोपाठ बाराव्यांदा राखले होते व तानाहाशीचाच विक्रम मोडला होता. या लढतीला वेळेची मर्यादा नव्हती. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी ठरणार होता. पहिला डाव ओकाडाने कोणत्याही मोठ्या प्रहाराने नव्हे, तर अचानक गुंडाळून धरण्याच्या साध्या पकडीने जिंकला. दुसरा आणि तिसरा डाव ओमेगाने वन-विंग्ड एंजलने जिंकले. एकूण ६४ मिनिटे ५० सेकंदांनंतर ओकाडाची ७२० दिवसांची कारकीर्द संपली आणि ओमेगा प्रथमच विजेता झाला. या वेळी ओमेगाच्या बाजूला जुना जोडीदार इबुशी उभा होता. लढतीनंतर दुरावलेले यंग बक्सही त्याच्याशी पुन्हा एक झाले.

लढतींमधील सूत्र

एकाच डावाचा चार टप्प्यांचा प्रवास हे या लढतींचे सूत्र होय. पहिल्या लढतीत डाव बसत नाही, दुसरीत तो बसूनही निष्फळ ठरतो, तिसरीत सफळ होतो आणि चौथीत दोनदा सफळ होऊन विजेतेपद मिळवून देतो. बोललेला एकही शब्द न समजता केवळ शरीराच्या हालचालींतून ही कथा कळते. जपानी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही या लढती पोहोचल्या, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे थकव्याचा उपयोग. लढतीच्या उत्तरार्धात मल्ल एकमेकांना धरून उभे राहतात, हात उचलायला वेळ लावतात, डाव टाकूनही लगेच अंगावर झेपावू शकत नाहीत. यातील किती अभिनय आणि किती खरी दमछाक, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. अशा लढतींचा परिणाम बराचसा या संदिग्धतेतून साधतो.

प्रतिसाद

अमेरिकेतील ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर न्यूजलेटर’चे संपादक डेव्ह मेल्ट्झर लढतींना तारे देतात. पाच तारे ही त्यांची सर्वोच्च श्रेणी समजली जात असे. त्यांनी पहिल्या लढतीला सहा, दुसरीला सव्वासहा, तिसरीला सहा आणि चौथीला सात तारे दिले. त्यातून मोठा वाद झाला. मोजपट्टीची कमाल ओलांडली की मोजपट्टीलाच अर्थ उरत नाही, असा आक्षेप घेतला गेला. याउलट, चौकट मोडणाऱ्या लढतीसाठी श्रेणीची चौकट मोडणे योग्यच होते, असे समर्थकांचे म्हणणे होते. हे तारे म्हणजे एका समीक्षकाचे मत आहे. तो अधिकृत निकाल नव्हे.

जोखीम आणि टीका

या शैलीवरील अधिक गंभीर टीका मल्लांच्या सुरक्षिततेविषयी आहे. लढती लांबत आणि डाव अधिकाधिक धोकादायक होत गेले, तर त्यांची किंमत मल्लांच्या शरीराला मोजावी लागते. जपानी कुस्तीला याचा अनुभव आहे. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे लढतीत पाठीमागे उलटवल्या जाणाऱ्या डावानंतर मित्सुहारु मिसावा या नामवंत मल्लाचा वयाच्या ४६ व्या वर्षी मृत्यू झाला.

खुद्द या मालिकेच्या काळातही धोका दूर नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या लढतीच्या दरम्यान, ९ एप्रिल २०१७ रोजी, कात्सुयोरी शिबाता याने ओकाडाविरुद्ध विजेतेपदाची लढत दिली. तीत त्याने आपले कपाळ ओकाडाच्या कपाळावर जोराने आदळले. लढतीनंतर तो पडद्यामागे कोसळला. त्याच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तो नियमित लढतीत परतला तो २०२२ मध्ये. ती लढतही उत्कृष्ट म्हणून वाखाणली गेली आहे. परंतु तिचा शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ती निर्मळ आनंदाने पाहता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात डीडीटीच्या एका लढतीत योशिहिरो ताकायामा याच्या मणक्याला इजा होऊन तो मानेखाली पक्षाघाताने जखडला गेला.

ओकाडा–ओमेगा लढतींत मानेवर पडण्याचे अनेक प्रसंग आहेत. दोन्ही मल्लांचे कौशल्य आणि परस्परांवरील विश्वास यांमुळे ते पार पडले. या लढतींचे मोल ठरवताना त्यांतील थराराइतकाच हा विश्वास विचारात घ्यावा लागतो. प्रेक्षकासमोर वैर दाखवणारे दोघे प्रत्यक्षात एकमेकांची मान सांभाळत असतात. प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तींनी यांतील कोणताही डाव करून पाहणे प्राणावर बेतू शकते.

पाहण्याचा क्रम

संपूर्ण कथा अनुभवण्यासाठी लढती ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने पाहणे उचित ठरते. पूर्वओळख नसलेल्यांना तिसऱ्या लढतीने आरंभ करून नंतर पहिल्या लढतीकडे वळणेही सोयीचे होते. निकाल आधी कळल्याने रसहानी होत नाही. किंबहुना ओमेगाने प्रत्येक वेळी ओकाडाला खांद्यावर घेण्याचा केलेला प्रयत्न आणि ओकाडाने त्यातून काढलेली वाट यांकडे अधिक बारकाईने लक्ष देता येते. न्यू जपानच्या ‘न्यू जपान वर्ल्ड’ या सशुल्क संकेतस्थळावर संस्थेच्या लढती प्रसारित होतात.

नंतरचा काळ

४ जानेवारी २०१९ रोजी टोकियो डोममध्ये तानाहाशीकडून हरून ओमेगाने विजेतेपद गमावले. त्यानंतर तो अमेरिकेत नव्याने स्थापन झालेल्या ‘ऑल एलीट रेसलिंग’ या संस्थेत गेला. न्यू जपानबरोबरचा करार संपल्यावर ओकाडाही मार्च २०२४ मध्ये त्याच संस्थेत दाखल झाला. १२ जुलै २०२५ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे ‘ऑल इन’ या कार्यक्रमात दोघांची पाचवी एकेरी लढत झाली आणि ती ओकाडाने जिंकली. त्यामुळे पाच लढतींअखेर दोघांचे प्रत्येकी दोन विजय आणि एक बरोबरी असा हिशेब झाला.