अपग्रेडनंतर प्रिंटर दिसत नाही तेव्हा

लिनक्सची आवृत्ती बदलली आणि यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर दिसेनासा झाला, तर लगेच ड्रायव्हर पुन्हा बसवायच्या मागे लागू नका. आधी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. यादीत प्रिंटर नसेल तर केबल आणि पोर्ट तपासा. नाव दिसत असेल तर अडचण सॉफ्टवेअरची समजा. नवा कर्नल बसल्यावर संगणक रीस्टार्ट केला नसेल, तर तोही एकदा करून घ्या.

एवढ्याने भागत नाही तेव्हा कारण बहुधा वेगळे असते. 2021 मध्ये आलेल्या डेबियन 11 पासून 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा अलीकडच्या अनेक प्रिंटरांचा यूएसबी मार्ग स्वतःच्या ताब्यात घेते आणि प्रिंटर नेटवर्कवर असल्यासारखा, संगणकाच्याच अंतर्गत पत्त्यावर दाखवते. छपाई सांभाळणाऱ्या 'कप्स'मधली जुनी नोंद मात्र आधीच्या यूएसबी पत्त्यावरच शोधत राहते. ती नोंद काढून प्रिंटर नव्याने जोडावा. उत्पादकाचा जुना ड्रायव्हरच हवा असेल तर ही सेवा बंद करता येते, पण मी पहिलाच मार्ग सुचवेन: बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि अनेक यंत्रांचे स्कॅनिंगही त्याच सेवेतून चालते.